निकेलची एल्मार म्हणून घेतलेली लेन्स: माझे ३८ हजार कसे गेले

मामाचा लायका कॅमेरा माझ्याकडे आला तेव्हा त्याला लेन्स नव्हती. काळा रंग, निकेलची बटणं, कडांवरचा रंग उडून खालचं पितळ दिसू लागलेलं. लायका टू, म्हणजे १९३२ मध्ये निघालेलं मॉडेल. मामा गेल्यावर मामीने तो कापडी पिशवीत घालून आणून दिला आणि म्हणाली, "वापरलास तर तूच वापरशील." त्याला त्याच्याच काळातली, निकेलची एल्मार लावायची हे मी तेव्हाच मनाशी धरलं. दोन वर्षं शोधत होते. ज्याला त्याला सांगत होते, आणि तेच मला भोवलं.

एल्मार म्हणजे लायका बनवणाऱ्या लायट्झ कंपनीच्या मॅक्स बेरेक यांनी आखलेली ५० मिलिमीटर, एफ ३.५ ची लेन्स. वापर नसताना तिची नळी कॅमेऱ्याच्या आत सरकवून ठेवता येते. सुरुवातीला या लेन्सना निकेलचा मुलामा असायचा, १९३३ च्या सुमारास क्रोम आलं. शेजारी शेजारी ठेवलं तर निकेल किंचित पिवळसर, ऊबदार दिसतं आणि क्रोम निळसर, थंड. एवढं मला पक्कं ठाऊक होतं, आणि मी पाहिलं तेही एवढंच.

ओळखीच्या ओळखीतून एकाचा फोन आला. दादरला, संध्याकाळी, एका हॉटेलात भेटलो. तिशीतला मुलगा, बोलायला अतिशय नम्र. "ताई, आजोबांची लेन्स आहे. घरात कुणाला तिची किंमत नाही. योग्य माणसाकडे जावी एवढंच वाटतं." रुमालातून लेन्स काढली. पिवळसर झाक, नळीवर दोन-तीन ओरखडे, समोरच्या कड्यावर लायट्झ एल्मार अशी अक्षरं. ४५ हजार म्हणाला, ३८ वर सौदा ठरला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे हेही त्याने सांगितलं. मी तिथेच फोनवरून पैसे पाठवले. हॉटेलातले दिवे पिवळे होते, त्या उजेडात सगळंच निकेल दिसतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

पहिला रोल धुऊन आला तर लांबचं ठीक, पण जवळून काढलेले सगळे चेहरे मऊ. मामीचा एक फोटो होता, त्यात डोळ्यांऐवजी कान स्पष्ट. कॅमेऱ्याचाच दोष असेल म्हणून पुण्यात जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला आणि लेन्स खिडकीशी नेली.

भिंग माझ्या हातात देऊन म्हणाले, "हा ओरखडा बघ. तळाशी काय दिसतंय?"

तळाशी निकेल होतं. ओरखड्याच्या आतही तीच पिवळसर चमक, अगदी खोलवर. मुलाम्यानंतर इतका खोल ओरखडा पडला असता तर त्यात पितळ उघडं पडायला हवं होतं. इथे ओरखडा आधीचा आणि मुलामा नंतरचा. म्हणजे लेन्स घासून, तिच्यावर नव्याने निकेल चढवलेलं. मग त्यांनी अंतराचे आकडे दाखवले. कोरलेल्या आकड्यांच्या कडा धारदार असतात, नखाला लागतात. माझ्या लेन्सवरचे आकडे साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखे गुळगुळीत झाले होते, पॉलिशच्या चाकाखाली गेल्यामुळे. आणि बोटाने रोज ढकलायचा फोकसचा खटका, जो सगळ्यात आधी झिजतो, तो कोरा करकरीत.

नुसता मुलामा नवा असता तर मी एवढी खचले नसते. निदान लेन्स तरी एल्मार असती. पण काकांनी टॉर्च मारला तेव्हा काचेतून निळा-जांभळा परावर्तित प्रकाश आला. निकेलच्या काळातल्या एल्मारला कोटिंग, म्हणजे काचेची चकाकी कमी करणारा पातळ थर, नसायचं. काहींवर पुढे कुणी करून घेतलं असेल, म्हणून नुसत्या कोटिंगवरून निकाल देऊ नये, असं ते म्हणाले. पण ॲपर्चरचे, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र लहान-मोठं करायचे, आकडे ३.५, ४, ५.६, ८ असे होते. युद्धापूर्वीच्या एल्मारवर ३.५, ४.५, ६.३, ९, १२.५, १८ असा जुना क्रम असतो. शिवाय एल्मारमध्ये ॲपर्चरची पाती पहिल्या काचेच्या लगेच मागे असतात. माझ्या लेन्समध्ये ती दुसऱ्या काचेच्याही मागे, खोल होती.

झोर्की कॅमेऱ्यावर येणारी सोव्हिएत इंडस्टार-२२ होती ती. बाहेरून एल्मारसारखीच, ३९ मिलिमीटरचा आटाही तोच, म्हणून लायकावर सहज बसते. पण जवळच्या अंतराला लायकाच्या रेंजफाइंडरशी, म्हणजे अंतर मोजून फोकस जुळवणाऱ्या यंत्रणेशी, तिचा मेळ बसेलच असं नाही. समोरच्या कड्यावरची मूळ अक्षरं घासून काढली होती. त्या घासलेल्या जागेत, भिंगाखाली, लाल रंगाचा एक कण अडकलेला दिसला. कोटिंग असल्याची खूण म्हणून सोव्हिएत लेन्सवर लाल रंगात रशियन 'प' हे अक्षर असतं. त्याचाच तो अवशेष. तो कण पाहिल्यावर मला बोलायलाच सुचेना.

त्या मुलाला फोन केला. "ताई, तुम्ही बघूनच घेतलीत ना?" एवढं बोलून त्याने ठेवला, नंतर नंबर बंद. सायबर तक्रार केली आहे, पैसे पाठवल्याची नोंद आणि भिंगाखालचे फोटो जोडले आहेत. आजवर काही हाती आलेलं नाही.

जुनी लेन्स घ्यायला जाल तर दिवसाउजेडी भेटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि टॉर्च बरोबर न्या. समोरचा घाई करू लागला तर सरळ उठा. आजोबांची गोष्ट सांगितली तर ऐका, पण ऐकताना नजर त्या खटक्यावर आणि ओरखड्यांच्या तळाशी ठेवा. विकत घेण्याआधी ॲपर्चरचे आकडे मोठ्याने वाचा. मी तेवढं केलं असतं तरी दुसऱ्याच आकड्याला थांबले असते.

दोन महिन्यांनी नाशिकच्या एका मैत्रिणीने मला एका लेन्सचे फोटो पाठवले. "निकेल एल्मार, आजोबांची, घेऊ का?" पिवळसर झाक, कोरा खटका, आणि ३.५ नंतर ४. मी तिला लगेच फोन लावला.