आरोग्य केंद्राची औषध खिडकी: गोळ्या चांगल्या, मागणीचं गणित कच्चं

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि औषधं मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खिडकीवर साठा असेल तेव्हा सेवा खरोखर चांगली आहे. पॅरासिटामॉल, अमॉक्सिसिलिन, ओआरएस, लोहाच्या गोळ्या, बीपीची अ‍ॅम्लोडिपिन, साखरेची मेटफॉर्मिन ही रोजची गरज तिथेच भागते. पाकिटावर ओळखीचं ब्रँडनाव नाही म्हणून गोळी हलकी समजू नये, आतलं औषध तेच असतं.

घोडं अडतं ते ‘साठा असेल तेव्हा’ या तीन शब्दांवर. पुढची मागणी मागच्या वाटपावरून काढतात, आणि चूक तिथेच होते. समजा ९० दिवसांत अ‍ॅम्लोडिपिनच्या ६,००० गोळ्या वाटल्या, पण त्यातले ३० दिवस गोळी संपलेलीच होती. म्हणजे ६,००० हा ६० दिवसांचा खप, खरी गरज ९,००० ची. मागणीपत्रात पुन्हा ६,००० लिहिले की तुटवडा पुढच्या तिमाहीतही ठरलेलाच. ई-औषधी या सरकारी औषधांच्या ऑनलाइन नोंद प्रणालीत साठा दिसतो, पण खिडकीवरून रिकाम्या हाताने परतलेला माणूस वाटपाच्या आकड्यात येत नाही. त्यासाठी साधी वही पुरते: तारीख, औषध, किती गोळ्या देता आल्या नाहीत.

बीपी-साखरेच्या रुग्णाला एका वेळी ३० दिवसांच्या गोळ्या मिळायला हव्यात. साठा कमी म्हणून पाच-सात दिवसांच्याच दिल्या, तर मजुरी बुडवून कुणी दर आठवड्याला येत नाही. गोळी सुटते आणि बीपी चढतं.

सर्पदंशाच्या औषधाचा हिशोब तर वेगळाच. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच औषध चालतं, पण विषबाधेची लक्षणं असतील तर पहिल्या डोसलाच ८ ते १० कुप्या लागतात. कपाटात दोनच कुप्या असतील, तर नोंदवहीत साठा ‘आहे’ आणि रुग्णासाठी तो नाही. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावं लागतं. ते उघड्या फळीवर दिसलं, तर मुदत शिल्लक असली तरी त्याच्या गुणाचा भरवसा नाही.

तमिळनाडूच्या औषध महामंडळाने १९९५ पासून पासबुकची पद्धत चालवली. प्रत्येक दवाखान्याच्या नावे रक्कम, आणि जिल्हा गोदामातून गरजेप्रमाणे उचल. वरून ठरवून पाठवलेल्या खोक्यांपेक्षा ही पद्धत कितीतरी शहाणी आहे, आपल्याकडे ती हवीच.

खिडकीवर समजावून सांगण्यातही कमी पडतं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम मिसळायचं, ग्लासात थोडंथोडं नाही, आणि उरलेलं २४ तासांनी टाकून द्यायचं. झिंक मात्र जुलाब थांबले तरी १४ दिवस: सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. घरी नेताना चौदा दिवस पुरतील इतक्या गोळ्या आहेत ना, हे तिथेच मोजून घ्या.