पेशीपटल-आरएनए मॉडेल संच: पटल उत्तम, आरएनएची दोरी दुरुस्त करूनच वापरा

बेळगावात गणपत गल्लीतल्या एका दुकानात हा संच 1,850 रुपयांना मिळतो. दहावीपर्यंत मराठीत शिकून पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी विज्ञानात पडणाऱ्या खानापूर-निपाणीकडच्या मुलांना हाताळून समजेल असं साहित्य हवंच. माहितीपत्रक मात्र इंग्रजी-कन्नडमध्येच आहे. मराठी नावांच्या चिठ्ठ्या आपणच चिकटवायच्या.

पटलाचा भाग डोळे झाकून घ्यावा. लाकडी डोकं आणि प्लॅस्टिक नळीच्या दोन शेपट्या, असे 60 फॉस्फोलिपिड, म्हणजे पटल ज्यांचं बनतं ते मेदरेणू. पाण्याशी जमणारी डोकी बाहेर, न जमणाऱ्या शेपट्या आत, असे दोन थर समोरासमोर लावायचे. तुकडे खाचेत सैल बसतात आणि बोटाने ढकलले की बाजूला सरकतात. ते तसंच राहू द्या. सिंगर आणि निकोलसन यांनी 1972 मध्ये मांडलेलं प्रवाही पटल मुलांना तिथेच दिसतं.

चूक एकच: सगळ्या शेपट्या सरळ. शेपटी म्हणजे मेदाम्लाची साखळी; ते असंपृक्त (दुहेरी बंध असलेलं) असेल तर त्या बंधापाशी शेपटी वाकते, शेजारचे रेणू दाटीने बसत नाहीत आणि पटल गारठ्यातही घट्ट होत नाही. डिसेंबरात आपल्याकडे तूप थिजतं, करडईचं तेल थिजत नाही, त्यामागचं कारण हेच. प्रत्येक तुकड्याची एक नळी मिनिटभर कडकडीत पाण्यात धरा, मधोमध साधारण 30 अंशांत वाकवा आणि तशीच दाबून गार पाण्यात बुडवा. मग तेवढेच तुकडे जास्त जागा व्यापतात, ते पट्टीने मोजून दाखवता येतं.

आरएनएच्या दोरीत मात्र बरंच बिघडलंय. तिचा एकेक मणी म्हणजे एक न्यूक्लिओटाइड: ए, यू, जी किंवा सी. पत्रकात टोपी (साखळीच्या सुरुवातीच्या टोकाचं झाकण) सगळ्यांत शेवटी बसवायला सांगितलीय. खरं तर साखळी जेमतेम 20-30 न्यूक्लिओटाइडची झाली की टोपी चढते. ए-शेपूट (शेवटच्या टोकाची नुसत्या ए मण्यांची रांग) डीएनएवरून उतरवली जाते असंही छापलंय. तेही चूक; ती साचा न वापरता वेगळं एन्झाइम जोडतं.

सगळ्यांत खटकतो तो इंट्रॉन, म्हणजे आरएनएतून कापून टाकला जाणारा मधला तुकडा. संचात तो सरळ तुकडा म्हणून निघतो, पेशीत त्याचा फास होतो. इंट्रॉनच्या शेवटाआधी साधारण 18 ते 40 न्यूक्लिओटाइडवर एक ए असतो. इंट्रॉनचा पहिला जी त्याला जाऊन चिकटतो. त्या ए मण्याला बाजूने तिसरं हुक लावा, फास तयार. इंट्रॉन जीयूने सुरू होतो, एजीने संपतो. ते चार मणी रंगवून ठेवा. मग सुरुवातीपासून पाचवा मणी जी असेल तिथे सी लावा. भारतात बीटा थॅलेसेमियात (हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक रक्तविकारात) सर्वांत जास्त सापडणारा बदल हाच, बीटा ग्लोबिन या हिमोग्लोबिनच्या घटकाच्या जनुकातल्या पहिल्या इंट्रॉनमधला. कापण्याची खूण पुसट होते आणि कात्री भलत्याच जागी चालते.

डबा दुकानातच उघडून ए मणी मोजून घ्या, ते कमी भरतात. मणी हुकाला धरून सोडवा. दोरी ओढली की गाठ सुटते.