चेतकला बिननावाचा कार्ब्युरेटर लावला त्याचा अनुभव: स्लो लागला, पण श्रेय भलत्याचंच

दिवाळीत या कार्ब्युरेटरला (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देतो तो भाग) मी पाचात एक तारा दिला होता. आता तीन करतोय. वाढलेल्या दोन ताऱ्यांत दुकानदाराचं काडीचं कर्तृत्व नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गाडी अण्णांची टू-स्ट्रोक चेतक, सीबी पॉइंटवाली, म्हणजे प्लगची ठिणगी उघडमिट करणाऱ्या पॉइंटवर पडते ती. पळायला झकास, चढाला कुरकुर नाही. दुखणं एकच, स्लो धरत नाही, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन हळू चालू राहत नाही. गार असताना चोकवर गुमान चालायची. गरम झाली की सिग्नलला ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस वरच लटकून राहायची, मग अचानक खाली यायची आणि फट्कन बंद. स्लो वाढवून ठेवला तर पहिला गिअर टाकताना धाडकन आवाज. मागे बसवाला हॉर्न दाबतोय आणि आपण पायाने किक चाचपतोय, हा छळ बटणस्टार्टवाल्यांना कळायचा नाही.

मिस्त्रींचं निदान ठाम. "साहेब, कार्ब्युरेटर गेला. बॉडी झिजलीय, नवीनच टाका." जुन्या स्पाको कंपनीच्या कार्ब्युरेटरच्या स्लाइडला (ॲक्सिलरेटरने सरकणारं आतलं झाकण) खेळ आला होता हे खरं, म्हणून मीही मान डोलावली. पेठेत जो मिळाला त्यावर ना कंपनी, ना गाव. खोक्यावर नुसतं २०/२० हे माप. किंमत दोन हजारांच्या आत, घासाघीस करून शंभर कमी.

आता माल कसा आला ते. फ्लोटची नीडल (पेट्रोल पुरेसं भरलं की वाट बंद करणारी सुई) सीटवर नीट बसत नव्हती, त्यामुळे पेट्रोलचा कॉक उघडा राहिला की पेट्रोल ओव्हरफ्लो. हे नुसतं वास आणि खर्चाचं प्रकरण नाही. ते पेट्रोल सरळ इंजिनात उतरतं, सकाळी किक मारताना गाडी मेल्यासारखी, आणि सुरू झालीच तर गल्लीभर धूर. दुकानात गेलो तर "कार्ब्युरेटर आणि इलेक्ट्रिक पार्ट परत होत नाही" ही पाटी दाखवली. पाटीवर खडूने कार्ब्युरेटर हा शब्द नंतर लिहिलाय हे मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं. शेवटी जुन्या कार्ब्युरेटरमधली नीडल धुऊन नव्यात घातली, ओव्हरफ्लो थांबला. म्हणजे नव्या मालाचं दुखणं जुन्या मालाने बरं केलं.

दुसरी गोष्ट स्लो जेटची, म्हणजे स्लोला पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्याची. यावर दोन आकडे असतात. समजा ४८/१६० लिहिलंय, तर पेट्रोलचं भोक ०.४८ मिलिमीटर आणि हवेचं १.६० मिलिमीटर. मोठ्याला छोट्याने भागा, ३.३३ येतात. ५५/१६० असेल तर २.९१, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, मिक्स्चर श्रीमंत. नुसता पहिला आकडा बघून जेट विकणारे भेटतात, त्यांच्याकडून काही घेऊ नका. माझ्या नव्या कार्ब्युरेटरमधला जेट मूळच्यापेक्षा वेगळा निघाला, तोही जुन्यातला काढून बसवला. आणि कृपा करून जेटमध्ये क्लच केबलची तार खुपसू नका. जेट पितळी, तार पोलादी. एकदा भोक मोठं झालं की ०.४८ चं काय झालं ते कोणालाच सांगता येणार नाही. पेट्रोलमध्ये भिजवायचा, हवा मारायची, उजेडाकडे धरून बघायचं, संपलं.

तिसरी, कार्ब्युरेटरचा तळ. दोन लांब बोल्टवर हा ठोकळा बसतो आणि आपले लोक ते बोल्ट ट्रकची चाकं आवळल्यासारखे आवळतात. तळ वाकतो, गास्केटखालून हवा शिरते, कधी स्लाइडही अडकते. काचेवर पॉलिश पेपर ठेवून तळ घासला तर कुठे चकाकतो, कुठे नाही, त्यावरून लगेच कळतं. नव्याचा तळ सपाट होता. स्लाइडही घट्ट आणि गुळगुळीत. त्याबद्दल एक तारा तेव्हाच दिला होता.

एवढं करूनही स्लो जैसे थे. तेव्हा सुरू झाला स्क्रूचा खेळ, आणि इथे माझा पारा अजून चढतो. चेतकच्या कार्ब्युरेटरचा मागचा स्क्रू मिक्स्चरचा आहे. बाहेर काढला की मिक्स्चर श्रीमंत होतं. यामाहा आरएक्स हंड्रेडच्या मिकुनी कार्ब्युरेटरला बाजूला असतो तो हवेचा स्क्रू, तो बाहेर काढला की मिक्स्चर गरीब होतं. दिशा बरोबर उलटी. मिस्त्रींच्या गॅरेजमधला पोऱ्या यामाहावर शिकलेला, तो माझा स्क्रू "हवा कमी करतो" म्हणत आत पिळत होता आणि गाडी आणखी तडफडत होती. समजावलं तर म्हणतो, "काका, सगळे कार्ब्युरेटर सारखेच." नाहीत रे बाबा. पद्धत अशी: इंजिन चांगलं गरम करा, स्क्रू अलगद पूर्ण आत न्या (आवळायचा नाही, टोक चेपतं), तिथून दीड फेरा बाहेर, मग थोडं आतबाहेर करत रेस जिथे सगळ्यात वर जाते ती जागा शोधा, तिथून किंचित बाहेर. त्यानंतर स्लोच्या स्क्रूने रेस खाली आणायची. या क्रमाने करूनही रेस एका जागी थांबत नसेल, तर स्क्रूला हात लावणं बंद करा. हवा दुसरीकडून येतेय.

पॉइंटचा गॅप तपासला, ०.४ मिलिमीटरच्या आसपास होता. प्लग पांढुरका पडलेला, तपकिरी नाही. म्हणजे मिक्स्चर गरीबच. धूर मात्र नाही, गिअर ऑइलही जागच्या जागी.

इथून पुढे मत बदललं. फोर-स्ट्रोकवाल्यांना हे पटायला वेळ लागतो, पण टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस (पिस्टनखालची, क्रँक फिरतो ती पेटी) ही नुसती पेटी नसते, पंप असतो. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते आणि ती कार्ब्युरेटरमधून मिक्स्चर ओढते. क्रँकच्या दोन्ही टोकांना जे ऑइल सील (रबरी कडी) आहेत तेसुद्धा या पंपाचाच भाग. सील कडक झाला, ओठ चिरला, की फुटक्या नळीने उसाचा रस ओढावा तशी गत: तोंडात हवाच जास्त. फुल रेसला एवढं मिक्स्चर येतं की ती चोरटी हवा खपून जाते. स्लोला स्लाइड जवळजवळ बंद, येतं ते थेंबभर, तिथे थोडी हवाही पुरते घोळ घालायला. क्लच बाजूचा सील गेला तर गिअर ऑइल ओढलं जातं, पांढरा धूर निघतो, ऑइल कमी होतं. मॅग्नेट (क्रँकच्या दुसऱ्या टोकाचं, वीज तयार करणारं चाक) बाजूचा गेला तर धूर नाही, काही नाही, नुसता स्लो बिघडतो. आणि पेट्रोलबरोबरच ऑइल येत असल्याने गरीब मिक्स्चर म्हणजे ऑइलही कमी. असंच दामटलं तर एक दिवस पिस्टन जाम.

मॅग्नेट पुलर लावून उतरवला, तर मागची कॉइल प्लेट तेलकट ओली. एवढा पुरावा बस. प्लेट काढण्याआधी तिच्यावर आणि केसिंगवर खूण करायची, नाहीतर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, हलतं. सील बाहेरूनच निघतो, इंजिन फोडावं लागत नाही (क्लच बाजूच्याला फोडावं लागतं, तो माझा शाबूत होता, देवाची कृपा). सीलची किंमत शंभर-सव्वाशे. शंभर-सव्वाशे! कार्ब्युरेटरचे पैसे, मिस्त्रींची मजुरी, ओव्हरफ्लोत गेलेलं पेट्रोल, सगळं एका बाजूला आणि हे रबराचं कडं दुसऱ्या बाजूला.

सील बदलल्यावर पहिल्याच किकला स्लो लागला. सिग्नलला टुक टुक टुक, आरसा थरथरतोय पण गाडी मरत नाही. खात्रीसाठी झिजलेला जुना स्पाको परत लावून बघितला. तोही धरतो! नव्याइतका साफ नाही, तरी चालण्याजोगा. मिस्त्रींना दाखवलं तर म्हणाले, "मी म्हणत होतोच, हवा घेतेय."

मग तीन तारे का? कारण त्यानंतरच्या महिन्यांत नव्याची स्लाइड घासली नाही, चोक लागतो आणि सुटतो, पावसात अडचण नाही. दोन तारे कापले ते नीडल आणि जेटचे. हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला त्याची मूळ नीडल टिकली असती असं मला वाटत नाही. माझा जुना पेट्रोल पाइपही या पेट्रोलने कडक होऊन तडकला, तो बदलला. शिवाय असं पेट्रोल पाणी धरतं. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. कार्ब्युरेटरच्या बोलमध्ये (पेट्रोल साठतं त्या वाटीत) काही उरत नाही, त्यामुळे पांढरी पूड साचत नाही. दोन टक्के ऑइलचं मोजमाप तेच, लिटरला वीस मिली. गाडी आडवी करून सुरू करायचा जुना सोहळा आता लागत नाही, शेजारचे मात्र विचारतात.

घ्यावा का? स्लाइड हाताला लटलटत असेल तर घ्या, पण जुना फेकू नका, त्याचे जेट आणि नीडल कामाला येतात. फक्त स्लोसाठी घेत असाल तर आधी मॅग्नेट उतरवून प्लेट बघा. कोरडी असेल तर पेठेत जा. सील आणायला जाताना जुना बरोबर न्या आणि काउंटरवर दोन्ही एकमेकांवर ठेवून बघा, कारण "चेतकचाच आहे" म्हणून मला पहिल्यांदा दिलेला सील घरी आणल्यावर भोकात सैल बसत होता. तो मात्र त्याने परत घेतला. सीलचा उल्लेख पाटीवर अजून आलेला नाही.