कादिझ की लागुश? एकटीने, मोजक्या युरोंत

दोघं फिरायला गेलं की खोलीचं भाडं वाटलं जातं, एक ताट दोघांत पुरतं आणि समुद्रात उतरताना एकजण सामानापाशी बसतो. एकटीला यातलं काहीच मिळत नाही. त्यामुळे ‘कोणतं गाव स्वस्त’ यापेक्षा ‘कोणतं गाव एकटीला स्वस्त’ हा प्रश्न मला खरा वाटतो. दक्षिण युरोपातल्या किनाऱ्यावरची दोन गावं मी याच हिशेबाने समोरासमोर ठेवते आहे: स्पेनमधलं कादिझ आणि पोर्तुगालच्या आल्गार्व प्रांतातलं लागुश. नकाशावर ते ‘लागोस’ असं दिसेल, नायजेरियातलं नव्हे. कादिझला मी दोनदा राहिले आहे, लागुशला एकदाच, सप्टेंबरअखेर आठ दिवस.

माझा कौल आधीच सांगते. पहिल्यांदाच एकटी निघत असाल आणि गावात, माणसांत रमत असाल, तर कादिझ. पायात चालण्याची हौस असेल आणि कडे-कपारी बघायच्या असतील, तर लागुश. मात्र जुलै-ऑगस्ट टाळा. त्या दोन महिन्यांत हॉस्टेलच्या खाटेचा भाव दुपटीवर जातो, आणि मग दोन्हीकडे बजेटचं गणित कोलमडतं.

पोचायचं कसं? कादिझला सेव्हिल्ला (इंग्रजीत सेव्हिल) शहराहून थेट रेल्वे आहे, साधारण पावणेदोन तास. हेरेझ विमानतळावरूनही लोकल मिळते. स्टेशन जुन्या गावाच्या तोंडाशीच आहे. लागुशला आल्गार्वमधल्याच फारो शहराहून गाडी येते, तेवढाच वेळ लागतो आणि तिकीट स्वस्त. लागुश हे त्या मार्गावरचं शेवटचं स्टेशन. उतरून पादचारी पूल ओलांडला की दहा-पंधरा मिनिटांत जुन्या गावात. लिस्बनहून येणार असाल तर बस सोयीची, चार तासांच्या आसपास. इथवर दोन्ही गावं बरोबरीची.

फरक पडतो जेवणात.

कादिझमध्ये एकटं माणूस उपाशी राहत नाही आणि लुटलंही जात नाही, कारण तिथली खाण्याची पद्धतच लहान मापाची. तापा म्हणजे छोटी बशी, मेदिया रासिओन म्हणजे अर्धं ताट, रासिओन म्हणजे पूर्ण. तीन-चार युरोंत एक तापा घ्यायचा, उभ्याने खायचा, पुढच्या दुकानात दुसरा. (स्पेनमधल्याच ग्रानादा शहरात पेयाबरोबर तापा फुकट येतो, कादिझमध्ये येत नाही. ती आशा ठेवू नका.) तळलेले मासे विकणाऱ्या दुकानाला फ्रेइदुरिया म्हणतात. तिथे मासे वजनावर मिळतात, कागदाच्या पुडीत बांधून. शंभर-दीडशे ग्रॅम मागितले तरी कोणी तोंड वाकडं करत नाही.

आणि चवीबद्दल कोकणातल्या माणसाला काही समजावून सांगायला नको. ‘तोर्तियितास दे कामारोनेस’ हे कादिझचं खास खाणं. आपल्या जवळ्यासारखी बारीक कोळंबी, बेसन आणि गव्हाच्या पिठाचं पातळ मिश्रण, कांदा, कोथिंबिरीच्या जागी पार्सली. चमच्याने तेलात सोडलं की कडेला जाळी धरते. पहिला घास घेतला तेव्हा मला आईची जवळ्याची भजी आठवली आणि मी तिथेच दुसरी बशी मागवली. ‘कासोन एन आदोबो’ म्हणजे तर आपली मोरी: व्हिनेगर, लसूण, जिरं आणि लाल मिरचीच्या पुडीत मुरवून तळलेली. दुपारी पूर्ण जेवायचं असेल तर ‘मेनू देल दिया’ विचारा. बारा-पंधरा युरोंत दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड. बहुतेक ठिकाणी तो सोमवार ते शुक्रवार, फक्त दुपारचा असतो. चार वाजता स्वयंपाकघरं बंद होतात ती रात्री आठ-साडेआठलाच उघडतात, म्हणून पिशवीत फळं असू द्या.

लागुशमध्ये खाणं वाईट नाही, उलट भाजलेल्या तारल्या मी इतक्या चांगल्या दुसरीकडे खाल्ल्या नाहीत. जाड मीठ, निखारे, सोबत उकडलेले बटाटे, बस. पण आल्गार्वची जी मानाची पदार्थावली आहे, तांब्याच्या शिंपल्यासारख्या भांड्यात शिजणारी कताप्लाना किंवा समुद्री मेव्याचा भात, ती बहुतेक मेनूंवर ‘दोन माणसांसाठी’ असं लिहूनच येते. एकटीने ती मागवली की तीस-चाळीस युरो गेले आणि अर्धं ताट तसंच उरलं. त्यावर उपाय आहेत. गावातल्या लोकांच्या खानावळीत ‘प्रातो दो दिया’, म्हणजे त्या दिवसाचं ताट, विचारायचं, किंवा ‘मेया दोज’, म्हणजे अर्धी प्लेट. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं. हात लावला नाही तर पैसे द्यावे लागत नाहीत, लावला तर बिलात धरतात. नको असेल तर हसून परत द्या, कोणाला राग येत नाही.

शाकाहारी असाल तर लागुश जरा सोपं. परदेशी प्रवासी भरपूर असल्याने तसे कॅफे आहेत, आणि इंग्रजी सगळीकडे चालतं. कादिझमध्ये पालक-छोले मिळतात, थंड टोमॅटोचं साल्मोरेखो मिळतं, पण त्यावर हॅम आणि अंडं भुरभुरतात. ‘सिन हामोन’, म्हणजे हॅमशिवाय, हे दोन शब्द पाठ करून जा. लागुशच्या काल्दु व्हेर्द या हिरव्या सूपमध्येही सॉसेजची चकती असते, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

राहण्याचा भाव दोन्हीकडे सारखाच धरा. मे किंवा ऑक्टोबरात हॉस्टेलची खाट वीस ते तीस युरो. लागुशमध्ये हॉस्टेलं जास्त, सोबत लगेच मिळते, स्वयंपाकघर बहुतेक ठिकाणी असतं. नदीकाठच्या बाजारात खाली मासे, वर भाजी, त्यामुळे हाताने करून खाणाऱ्यांचा खर्च खूप उतरतो. पण तिथली बरीच हॉस्टेलं रात्री जागणाऱ्या तरुणांची आहेत. मी जिथे उतरले तिथे पहाटे तीनपर्यंत जिन्यावर गाणी चालू होती. झोप हवी असेल तर बुकिंग करताना परीक्षणांत ‘शांत’ हा शब्द शोधा. कादिझमध्ये फेब्रुवारीतल्या कार्निव्हालच्या दिवसांत खोली मिळणं कठीण आणि महाग. तो कार्निव्हाल बघायचाच असेल तर सेव्हिल्लात राहून एक रात्र जाऊन या.

आता दिवस कसा जातो ते. कादिझचं जुनं गाव जवळजवळ चारही बाजूंनी पाण्याने वेढलेलं आहे, त्यामुळे कोणतीही गल्ली धरा, शेवटी समुद्रच लागतो. बस-टॅक्सीचा खर्च शून्य. अमेरिकेशी चालणाऱ्या व्यापाराची कचेरी 1717 मध्ये सेव्हिल्लाहून इथे हलली. जहाजं येताना दिसावीत म्हणून व्यापाऱ्यांनी घरांवर बुरूज चढवले, त्यातले शंभराहून अधिक आजही उभे आहेत. रोमन रंगमंदिर फुकट. संग्रहालयात प्राचीन फिनिशियन दर्यावर्दी लोकांच्या दोन दगडी शवपेट्या आहेत, माणसाच्या आकारात कोरलेल्या, एक पुरुषाची, एक बाईची. युरोपीय संघाबाहेरच्यांना तिकीट दीड युरो. त्या बाईच्या चेहऱ्यासमोर मी अर्धा तास बसले होते. खाडीपलीकडच्या एल पुएर्तोला जाणारी कॅटामरान फेरीही साध्या बसभाड्यासारखी.

संध्याकाळ ही कादिझची खरी कमाई. ला कालेता नावाचा छोटा किनारा दोन किल्ल्यांच्या मधे आहे. तिथे गावातल्या आज्या घरून खुर्च्या आणून बिंगो खेळत बसतात. मला पोहायचं होतं आणि पाठपिशवीत पासपोर्ट होता. मी खुणेने एका आजींना विचारलं. त्यांनी पिशवी स्वतःच्या खुर्चीखाली ओढली, तिच्या पट्ट्यात पाय अडकवला आणि पुन्हा आकडे ऐकू लागल्या. बाहेर आले तेव्हा त्यांनी कलिंगडाची फोड पुढे केली. रात्री अकरालाही चौकात लहान मुलं खेळत असतात, त्यामुळे एकट्या बाईला बाकावर बसायला संकोच वाटत नाही. एक त्रास मात्र सांगायला हवा: लेवान्ते. हा पूर्वेचा वारा सुटला की दोन-तीन दिवस थांबत नाही आणि वाळू अंगाला टोचते. त्या दिवशी गल्ल्यांत फिरा.

लागुशचा दिवस कादिझपेक्षा मोठा आणि देखणा. पोंता दा पिएदादचे पिवळे-तांबडे कडे गावातून चालत गाठता येतात, वरून बघायला पैसे पडत नाहीत. कामिलू किनाऱ्यावर उतरायला सुमारे दोनशे लाकडी पायऱ्या आहेत. सकाळी आठच्या आत गेलात तर किनारा तुमचा एकटीचा. गुहांतून नेणाऱ्या होडीला वीस-पंचवीस युरो लागतात. पैसे खर्चायचेच असतील तर इथे खर्चा. पायवाटेने लुज गावापर्यंत जा, परत बसने या. सांव विसेंतच्या टोकाकडे जाण्यासाठी साग्रेशची बस मिळते. पण कड्याच्या सावलीत टॉवेल पसरू नका. हा खडक ढासळतो. 2009 मध्ये याच आल्गार्वमध्ये, अल्बुफेराजवळ, कडा कोसळून पाच माणसं गेली.

लागुशमध्ये आणखी एक जागा चुकवू नका. 8 ऑगस्ट 1444 रोजी इथे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या 235 माणसांची वाटणी झाली. 2009 मध्ये भूमिगत वाहनतळ खोदताना दीडशेहून अधिक आफ्रिकी गुलामांचे सांगाडे सापडले, जुन्या कचऱ्याच्या जागेत. त्यावरचं छोटं संग्रहालय मुख्य चौकातच आहे. भारतात येणाऱ्या पोर्तुगीजांबद्दल आपण शाळेत शिकतो ते 1498 पासून. त्याच्या अर्धशतक आधीची गोष्ट इथे उभी आहे. आणि बाहेर पडून किल्ल्याकडे वळलं की पाटी दिसते: ‘प्राया दा बताता’. बटाट्याचा किनारा! पाव, चावी, बादली, काजू हे पोर्तुगीजमधून आपल्याकडे आलेले शब्द आठ दिवस कानावर पडत राहिले, तेवढ्याने परकेपणा खूप कमी झाला.

भारतातून येणाऱ्यांसाठी: दोन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो, शुल्क 90 युरो, आणि किमान 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा.

दहा दिवस हाताशी असतील तर दोन्ही गावं जोडता येतात. आंदालुसिया (कादिझ आणि सेव्हिल्ला ज्यात येतात तो स्पेनचा प्रांत) आणि आल्गार्व यांच्यात रेल्वे नाही, सेव्हिल्लाहून बस आहे. सवड असेल तर आयामोंते या स्पेनच्या सीमेवरच्या गावापर्यंत बसने या आणि सीमेवरची ग्वादियाना नदी फेरीबोटीने ओलांडा. पाऊण-एक तास वाट पाहावी लागते, नदी मात्र पंधरा मिनिटांत पार होते. पलीकडे व्हिला रेआलला उतरल्यावर घड्याळ एक तास मागे घ्या. फारोमार्गे लागुशला जाणारी गाडी पोर्तुगीज वेळेने सुटते.