डिस्टिलरीच्या ईटीपीवर १४ महिने: अंगावर लावायचा एचटूएस डिटेक्टर

मी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाची केमिस्ट आहे. मळीपासून स्पिरिट काढल्यावर जो काळपट, गरम स्पेंटवॉश उरतो, तो आमच्याकडे डायजेस्टरमध्ये, म्हणजे जिवाणूंकडून बायोगॅस तयार करून घेणाऱ्या बंद टाकीत येतो. त्यात सल्फेट भरपूर असतं आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतात. प्लांटवर सगळे त्याला एचटूएसच म्हणतात. आमच्या कच्च्या बायोगॅसमध्ये तो टक्क्यांत मोजावा लागतो. १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), आणि १,००० पीपीएमला माणूस एकदोन श्वासांत कोसळू शकतो. त्यामुळे गेल्या वर्षी दोन क्लिपवाले डिटेक्टर आले तेव्हा त्यातला एक मी स्वतःसाठी मागून घेतला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, एकाच वायूचा, दोन वर्षं चालणारा, चार्जिंगची भानगड नसलेला. आम्हाला अकरा हजारांच्या आसपास पडला, जीएसटी वेगळा.

घेऊन काय उपयोग झाला, ते आधी सांगते. फेब्रुवारीत गाळप जोरात होतं. सकाळी पावणेसातला मी आणि आमचे जुने हेल्पर आबा बफर टँकचं, म्हणजे साठवण टाकीचं, सॅम्पल घ्यायला निघालो. खालीच सडक्या अंड्यांचा वास आला, रोजच्यासारखा. पायऱ्या चढून वर गेलो तर आबा म्हणाले, "वास गेला बघा मॅडम, वारं फिरलं जणू." मलाही वास येईना. तेवढ्यात खांद्याजवळचा पीस थरथरला आणि किंचाळायला लागला. स्क्रीनवर १४, मग २२, मग ३८. वारं फिरलंच नव्हतं, आमची नाकं बधिर झाली होती. बाटली तिथेच टाकून आम्ही खाली उतरलो आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन उभे राहिलो. नंतर सगळ्यात वर गेलेलं रीडिंग पाहिलं तर ५१. गॅस होल्डरच्या वॉटर सीलमधलं पाणी रात्रीतून उतरलं होतं आणि गॅस तिथून निसटत होता.

हा वायू असाच आहे. अगदी थोडा असला की नाक लगेच ओळखतं, १०० पीपीएमच्या आसपास गेला की वास कळेनासा होतो, आणि त्याहून कमी असला तरी बराच वेळ त्यात राहिलं की नाक थकतं. आबांची या कामात तीस वर्षं गेली. "आम्ही वासावरच काम केलं की," असं ते म्हणायचे. त्या सकाळनंतर पाळीवर असताना दुसरा पीस ते कुणाला देत नाहीत.

आत काय आहे हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून तेही लिहिते. आत एक छोटी इलेक्ट्रोकेमिकल सेल असते: तीन इलेक्ट्रोड आणि थोडं सल्फ्युरिक ॲसिड. वायू पातळ पडद्यातून आत शिरतो, इलेक्ट्रोडवर त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि जितका वायू तितका प्रवाह वाहतो, तोही मायक्रोअँपिअरच्या घरातला. काहीच तापवावं लागत नाही, म्हणून एवढीशी बॅटरी दोन वर्षं पुरते. घरात सिलिंडरजवळ प्लगमध्ये लावतात त्या गॅस अलार्ममध्ये बहुतेकदा टिन ऑक्साइड असतं. ते २०० ते ४०० अंशांपर्यंत तापलेलं ठेवावं लागतं. तसलं यंत्र अंगावर लावून पाळी काढता येणार नाही.

आता रोजच्या वापराचं. पहिला अलार्म १० पीपीएमला, दुसरा १५ ला. आवाज, लाल दिवे आणि थरथर तिन्ही एकदम सुरू होतात. ब्लोअरच्या शेजारी आवाज ऐकू येत नाही, तिथे थरथरच कामाला येते, आणि ती जाड ॲप्रनवरूनही कळते. क्लिप मात्र शर्टाचा खिसा डोळ्यांसमोर ठेवूनच केलेली आहे. कुर्त्याच्या गळ्याला लावली तर पीस उलटा लोंबतो आणि सेन्सरचं तोंड कापडाकडे होतं. मी ॲप्रनच्या पट्ट्याला, खांद्याजवळ, जाड कापडाची एक पट्टी शिवून घेतली. नाकापासून वीतभराच्या आत असला तरच त्याच्या आकड्याला अर्थ आहे. कमरेला किंवा किल्ल्यांच्या जुडग्यात लावणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट विक्रेत्याने सांगितलीच नाही. हिरवा दिवा लुकलुकतोय याचा अर्थ बॅटरी आणि सर्किट ठीक आहे, एवढाच. पडद्यावर चिखल बसलेला असला किंवा सेल सुकलेली असली तरीही स्क्रीनवर शांतपणे शून्यच दिसतं. खरी खात्री एकाच मार्गाने होते: २५ पीपीएम एचटूएस असलेला छोटा ॲल्युमिनियमचा सिलिंडर आणायचा, टोपी लावून वायू सोडायचा आणि अलार्म होतो का ते पाहायचं. याला बंप टेस्ट म्हणतात. मी पाळी सुरू होण्याआधी रोज करते, एक मिनिटही लागत नाही. हा सिलिंडर वेगळा मागवावा लागतो आणि त्यालाही मुदत असते. मे महिन्यात कुणीतरी दुसरा पीस बॉयलरच्या भिंतीलगत खुंटीला टांगून ठेवला होता. आठवड्याभराने टेस्ट घेतली तर जो अलार्म दहा सेकंदांत व्हायचा, त्याला चाळीसच्या वर लागले. तो पीस मी कॅलिब्रेशनला पाठवला आणि ती खुंटी उपटून टाकली.

विक्रेत्याबद्दल माझी तक्रार आहे. बॉक्सवर 'या तारखेआधी सुरू करा' अशी तारीख असते, कारण सेलचं म्हातारपण कारखान्यातच सुरू होतं, बटण दाबल्यावर नाही. आम्हाला आलेल्या एका बॉक्सची ही तारीख जेमतेम महिनाभर पुढची होती. मी तो परत पाठवला, तीन पत्रं लिहिली, मग बदलून मिळाला. डबा घेताना ही तारीख वाचा. आणि स्फोटक वायूच्या जागेसाठी पेसोची (स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) मान्यता आहे का, तेही पाहा.

हा पीस एकट्याने टाकीत उतरण्यासाठी नाही, हे मला ठळकपणे सांगायचंय. ऑक्सिजन कमी झालाय का, मिथेन साठलाय का, यातलं त्याला काही कळत नाही. आमच्याकडे मॅनहोल किंवा टाकी उघडायची तर चार वायूंचा डिटेक्टर दोरीने आधी आत सोडतात, बाहेर माणूस उभा असतो. गटारात माणूस उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंधनं आणली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झाल्यास भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. तरी बातम्या येतच राहतात. एक बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. प्रत्येक वेळी मला बफर टँकच्या पायऱ्यांवर उभे असलेले आबा दिसतात.

कापडावर किंवा प्लास्टिकच्या पट्टीवर छापता येतील, खोलीच्या तापमानाला चालतील असे सेन्सर करण्यावर बरंच संशोधन चाललंय: ग्राफीन, झिंक ऑक्साइडच्या नॅनोतारा, वीज वाहणारे पॉलिमर. मी ते उत्सुकतेने वाचते. अडचण दोन ठिकाणी दिसते. दमट हवेत त्यांचं रीडिंग सरकतं, आणि न तापवता वापरले की वायू गेल्यावर शून्यावर यायला वेळ लागतो. आमच्या कूलिंग टॉवरजवळ जुलैत सगळं ओलंचिंब असतं. ज्यांनी असा सेन्सर बनवलाय त्यांनी तो इथे आणून महिनाभर आबांच्या बाहीवर लावावा. बंप टेस्ट रोज मी स्वतः घेईन.

माझ्या पीसच्या स्क्रीनवर आता १० महिने शिल्लक दिसतायत. पुढच्या हंगामासाठी आणखी चारांची मागणी दिलीय, दोन सिलिंडरसकट.