कोजागिरी ते कार्तिकी: नौपाड्यातल्या अभ्यास मंडळाचा महिना

पहाटे साडेपाचला काकड आरती, मग तासभर ज्ञानेश्वरी. पारायण वेगळं, सात दिवसांचं. ९,०३३ ओव्या, म्हणजे रोज साधारण १,३०० आणि किमान अडीच तास बैठक. अध्यायांप्रमाणे वाटणी करू नका. पहिल्यात २७५ ओव्या, अठराव्यात १,८०० च्या वर, त्यामुळे शेवटच्या दिवशी वाचकांचा घसा बसतो. इथे ओव्या मोजून वाटतात, हे उत्तम. प्रत मात्र मंडळाचीच घ्या. राजवाडे प्रतीत (वि. का. राजवाड्यांनी संपादित केलेल्या ज्ञानेश्वरीत) ओव्यांचे क्रमांक वेगळे पडतात आणि मग "कुठे आहोत आपण?" सुरू होतं.

काकड्याचं, म्हणजे आरतीला पेटवायच्या जाड वातीचं, कापड जुनं, सुती, धुतलेलं हवं. सैलसर पिळून रात्रीच तुपात भिजत ठेवतात. घट्ट पिळलं की तूप आत मुरत नाही, नुसतं कापड जळून धूर होतो. मिश्र धाग्याचं तर वितळतंच.

निरूपण नेटकं, शंकांना मात्र जेमतेम दहा मिनिटं. माइकचा आवाज पहाटेच्या मानाने फार. शेजाऱ्यांचा विचार व्हावा. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्च्या मिळतात, पण सहाच. कोजागिरीचं दूध? जरा गोडच.