भाडेकरूसह घर विकून देणारी एजंटाची सेवा: एक अनुभव

भाड्याने दिलेले घर विकायचे म्हटले की बहुतेक एजंट भाडेकरूला आधी बाहेर काढण्याचा सल्ला देतात. मी ज्यांच्याकडे काम सोपवले त्यांनी मात्र सर्वप्रथम भाडेकरार मागून घेतला आणि करारात वेगळी अट नसल्यास घर विकल्याने भाडेकरार सहसा संपत नाही, फक्त मालक बदलतो, हे मला नीट समजावले. कराराचे 7 महिने शिल्लक असल्यामुळे जाहिरातीत ‘रिकामा ताबा’ न म्हणता ‘भाडेकरूसह विक्री’ असे स्पष्ट लिहिले गेले. त्यामुळे लगेच राहायला घर हवे असलेले ग्राहक गळाले आणि भाड्याच्या उत्पन्नाकडे पाहणारे उरले. अशा ग्राहकाला रंगरंगोटीपेक्षा भाडे किती आणि ते वेळेवर येते का, यातच रस असतो, हे एजंटाने आधीच बजावले होते.

त्यांचे खरे कौशल्य दिसले ते घर दाखवताना. जाहिरात देण्यापूर्वीच ते भाडेकरूंना स्वतः जाऊन भेटले, त्यांच्या सोयीने आठवड्यातून 2 ठरावीक वेळा निश्चित केल्या, प्रत्येक भेटीची लेखी सूचना आधी दिली आणि छायाचित्रांत त्यांच्या घरच्यांचे फोटो येणार नाहीत याची काळजी घेतली. या त्रासाबद्दल भाड्यात थोडी सूट द्यावी असे त्यांनी सुचवले तेव्हा मी कुरकुर केली, हे कबूल करतो. पण नाराज भाडेकरू दार उघडतो, घर काही दाखवत नाही. त्या मानाने ती सूट स्वस्तच पडली.

भाडे, अनामत रक्कम, मुदत आणि तोंडी आश्वासने नमूद केलेले निवेदन भाडेकरूंच्या सहीने घेण्याची त्यांची पद्धतही उत्तम आहे. पाणी तापवण्याचे यंत्र बदलून देण्याचा माझा शब्द मी साफ विसरलो होतो. तो या कागदामुळे व्यवहारापूर्वीच समोर आला आणि खरेदीदाराशी होणारा वाद टळला.

हिशेबात मात्र त्यांनी निराशा केली. अनामत रक्कम माझ्याकडे असली तरी घर सोडताना भाडेकरू ती नव्या मालकाकडे मागणार, म्हणून ती किमतीतून वजा करायला हवी होती, आणि ही गोष्ट त्यांना सह्यांच्या आदल्या दिवशी आठवली. व्यवहार 19 तारखेला झाला, त्या महिन्याचे पूर्ण भाडे मी आधीच घेतले होते, आणि 19 तारखेचे भाडे कोणाचे यावर खरेदीदाराशी तासभर घासाघीस झाली. पूर्ण शुल्क घेणाऱ्याने याचा तक्ता तयार ठेवायला हवा होता. अनामत आता कोणाकडे आहे, हे भाडेकरूंना कळवणारे पत्रही शेवटी मलाच लिहावे लागले.